साइड पॅनलआडची फसवणूक : बॅटरीची जागा आणि एअरबॉक्स बदलून घेण्याचा अनुभव

माझ्या ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालणाऱ्या) मोटरसायकलवर बॅटरीची जागा बदलण्याचे आणि एअरबॉक्स, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची पेटी, मोकळा करण्याचे काम पुण्यातील एका वर्कशॉपने ३४,००० रुपये घेऊन केले, आणि त्या कामात जे जे दिल्याचे सांगितले होते त्यातील जवळजवळ काहीही प्रत्यक्षात दिलेले नव्हते. हे काम सीट आणि साइड पॅनल यांच्या आड झाकले जाते, गाडी ताब्यात घेताना ते दिसत नाही आणि त्याचे परिणाम उशिरा कळतात, म्हणून जे उघडकीस आले ते तपशिलाने लिहीत आहे. तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे वर्कशॉपचे नाव येथे देत नाही.

आधी हे काम लोक का करून घेतात ते सांगतो. एक्सपल्स, हिमालयन यांसारख्या गाड्या आल्यापासून वेल्हे, जुन्नर, मुळशी या भागांतील कच्च्या वाटांवर जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि त्यासोबत गाडीत बदल करून देणारी दुकानेही वाढली आहेत. बॅटरी एअरबॉक्सच्या शेजारून काढली की तेथे मोठा फिल्टर बसवता येतो, आणि एअरबॉक्सची हवा घेण्याची तोंडे मोठी केली की इंजिनाला जास्त हवा मिळते, असा या बदलामागचा विचार आहे. तो विचार मुळात खोटा नाही. अमेरिकेत सुझुकीच्या डीआर-झी ४०० या गाडीच्या एअरबॉक्सला वरच्या बाजूने तीन इंच बाय तीन इंचांचे भोक पाडण्याची रीत प्रसिद्ध आहे. परंतु ती गाडी कार्ब्युरेटरची (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाची) होती, आणि भोक पाडणारा माणूस त्याच बैठकीत कार्ब्युरेटरचा मेन जेटही (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा बसवत असे, कारण हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढवावेच लागते. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग हे आदर्श ज्वलनाचे प्रमाण आहे. त्याहून हवा जास्त झाली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सोडताना सायलेन्सरमधून फटाके वाजतात आणि प्लग पांढरा पडतो.

माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे. तिच्यात जेट नाही. किती पेट्रोल सोडायचे हे ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) थ्रॉटलची स्थिती, इंजिनाचा वेग, हवेचा दाब आणि तापमान यांवरून ठरवतो, आणि संथ चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून त्यात थोडी दुरुस्ती करतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र तो आतल्या ठरावीक तक्त्यावर चालतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत वर्कशॉपच्या मालकाला विचारले होते की ईसीयूचे काय करणार. "सर, रिमॅप त्यातच धरलाय, लॅपटॉप लावून तुमच्यासमोर करू," असे त्यांचे उत्तर होते. रिमॅप म्हणजे ईसीयूमधील तो तक्ता वाढलेल्या हवेप्रमाणे बदलणे. हाताने लिहून दिलेल्या अंदाजपत्रकात चार गोष्टी होत्या : लिथियम बॅटरी आणि तिची नवी जागा, शुद्ध तांब्याच्या केबल, तेलाचा फोम फिल्टर लावून मोकळा केलेला एअरबॉक्स, आणि ईसीयूचे रिमॅपिंग. ते अंदाजपत्रक मी जपून ठेवले, आणि आज माझ्या तक्रारीचा सर्वांत भक्कम आधार तेच आहे.

गाडी मिळाली तेव्हा ती चांगली वाटली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे, ती म्हणजे एअरबॉक्सला भोक पाडले की हवा ओढण्याचा आवाज लगेच मोठा आणि जाड होतो, आणि तो आवाजच पिकअप वाढल्याचा भास निर्माण करतो. रिमॅप करताना मला बोलावले नव्हते. "फाइल पुण्याबाहेरून आली, रात्री उशिरा झाले," असे सांगण्यात आले. मूळ बॅटरी मागितली तेव्हा ती भंगारात गेल्याचे कळले. ती चांगल्या अवस्थेत होती, आणि शिशाच्या बॅटरीला भंगारातही पैसे येतात, हे कोणत्याही गॅरेजवाल्याला माहीत असते.

पहिली अडचण वेल्ह्यापुढे केळदच्या वाटेवर आली. सेल्फ मारला की नुसती टिकटिक होत होती आणि सीटच्या मागून जळक्या रबराचा वास येत होता. तेथील एका गॅरेजमधील वयस्कर मिस्त्रींनी सीट काढली, केबलचा एक भाग ब्लेडने हलकेच खरवडला आणि मला जवळ बोलावून दाखवला. तांबूस पापुद्र्याखाली तार पांढरी निघाली. "दादा, हे तांबं नाही, अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा आहे," असे ते म्हणाले, आणि शेजारीच पडलेल्या एका जुन्या केबलची तार तशीच खरवडून दाखवली. ती आतपर्यंत लाल होती. सेल्फ मारताना क्षणभर पन्नास ते शंभर अँपिअर करंट ओढला जातो. अ‍ॅल्युमिनियमचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि बॅटरी शेपटीकडे नेल्यामुळे केबलची लांबीही बरीच वाढली होती. त्यामुळे बॅटरीतून निघालेला विजेचा दाब (व्होल्टेज) स्टार्टरपर्यंत पोहोचण्याआधीच तारेत उष्णता होऊन खर्च होत होता.

ती केबल सबफ्रेमच्या (सीटखालच्या सांगाड्याच्या) एका धारदार वेल्डिंगवरून नेलेली होती आणि तेथे रबरी ग्रोमेटही (केबल घासू नये म्हणून बसवायची कडी) नव्हता. इन्सुलेशन घासून धातू उघडा पडला होता. मोटरसायकलचा मुख्य फ्यूज दिवे, ईसीयू आणि इतर वायरिंगचे रक्षण करतो. बॅटरीपासून स्टार्टर रिलेकडे (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचकडे) जाणारी जाड केबल बहुधा त्या फ्यूजच्या बाहेर असते. म्हणजे ती केबल फ्रेमला पूर्ण टेकली असती तर मध्ये तोडणारे काहीही नव्हते, आणि पेट्रोलची टाकी तेथून फार दूर नव्हती. पैसे बुडाले याचे दुःख मला आहेच, पण या एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. माझ्या मागे त्या सीटवर माझी मुलगी बसते.

घरी आल्यावर मी एकही भाग दुरुस्त न करता आधी सर्व उघडून छायाचित्रे काढली. बॅटरीवर लिथियम आयर्न फॉस्फेट असे छापलेले होते. या प्रकारच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, आणि पूर्ण चार्ज करून काही तास स्थिर ठेवल्यावर मीटरवर साधारण १३.२ ते १३.४ व्होल्ट दिसतात. माझ्या बॅटरीने १२.६ दाखवले, जो चांगल्या शिशाच्या बॅटरीचा आकडा आहे. मग ती किराणा दुकानातील काट्यावर ठेवली, तर पावणेदोन किलो भरली. त्या आकाराची खरी लिथियम बॅटरी एक किलोच्या आत असते. वरचे चकचकीत प्लॅस्टिकचे आवरण फाडले तेव्हा आत एका साध्या, लहान क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीचे काळे खोके निघाले आणि त्यावरील मूळ लेबल घासून काढलेले होते. लिथियमचे पैसे घेऊन मूळ बॅटरीपेक्षाही कमी क्षमतेची बॅटरी मला दिली गेली होती.

रिमॅपचे सत्य हवेच्या तापमानाच्या सेन्सरजवळ सापडले. त्या सेन्सरची एक वायर कापून मध्ये काळी हीट-श्रिंक नळी चढवली होती. ती चिरल्यावर आत दोन रुपयांचा एक रेझिस्टर होता. हवा थंड असते तेव्हा या सेन्सरचा रोध वाढतो. वायरमध्ये जादा रोध घातला की ईसीयूला हवा प्रत्यक्षाहून थंड, म्हणजे अधिक दाट, असल्याचे वाटते आणि तो थोडे जास्त पेट्रोल सोडतो. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ते जास्तीचे पेट्रोल ओळखून पुन्हा कमी करतो, आणि जेथे पेट्रोलची खरी गरज असते तेथे हा ढोबळ उपाय कधी कमी पडतो, कधी अति होतो. दुसऱ्या एका ट्यूनरकडे ईसीयू वाचून घेतला. आत कंपनीचीच मूळ फाइल होती, तिला कोणी हातही लावलेला नव्हता.

सर्वांत महागात पडला तो एअरबॉक्स. एअरबॉक्सला दोन बाजू असतात : फिल्टरच्या अलीकडची, जेथे बाहेरची धूळभरली हवा येते, आणि फिल्टरच्या पलीकडची, जेथून गाळलेली हवा थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागाकडे) जाते. भोके पाडायचीच असतील तर ती पहिल्या बाजूला, आणि शक्य तितकी वर पाडावी लागतात, म्हणजे ओढा ओलांडताना पाणी आत जात नाही. माझ्या एअरबॉक्सला पाडलेल्या भोकांपैकी एक स्वच्छ बाजूला होते आणि त्यावर फक्त बारीक जाळी चिकटवलेली होती. जाळी पाने अडवते. वेल्ह्याच्या वाटेवरची पिठासारखी धूळ अडवत नाही. फोम फिल्टर कोरडा होता, आणि तेल न लावलेला फोम बारीक धूळ धरून ठेवू शकत नाही. थ्रॉटल बॉडीच्या रबरी नळीच्या आतून बोट फिरवले तर बोटाला तपकिरी गाळ लागला, आणि त्यात प्लॅस्टिक कापताना उडालेले काळे कणही होते. धुळीतील वाळूचे कण रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखे काम करतात. सेवा केंद्रात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासले तेव्हा ते पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या खाली गेलेले होते, आणि पिस्टन, रिंग व सिलिंडर बदलावे लागले. वायरिंग कापलेले असल्यामुळे वॉरंटीतून काहीही मिळाले नाही.

हे सर्व घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा मालकाने प्रथम चूक कारागिराची असल्याचे सांगितले, आणि मी पैसे परत मागितल्यावर सूर बदलला. "सर, मॉडिफिकेशन बेकायदा आहे, तक्रार केलीत तर दंड तुम्हालाच होईल," असे ते म्हणाले. या वाक्याला घाबरून अनेक जण गप्प बसतात, म्हणून त्याविषयी नीट सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर बंधने घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी वाहनमालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे खरे आहे, आणि काम करून घेण्याआधी प्रत्येकाने ते विचारात घ्यायला हवे. परंतु लिथियम सांगून शिसे देणे आणि रिमॅपच्या नावाने रेझिस्टर देणे ही फसवणूक त्यामुळे माफ होत नाही, हे वकिलांनी मला स्पष्ट सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा वेगळा आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार वेगळी आहे. ती तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि आधी सल्ला हवा असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ज्यांना हे काम करून घ्यायचेच आहे त्यांनी पॅनल बंद होण्यापूर्वी आतले काम स्वतः पाहिल्याशिवाय पैशांचा शेवटचा हप्ता देऊ नये. काढलेला प्रत्येक भाग, मूळ बॅटरीसह, परत मागावा. बॅटरी बसवण्याआधी तिचे वजन करावे आणि मीटर लावावा, केबलचे कापलेले टोक खरवडून पाहावे, आणि केबल जेथे फ्रेमला लागते तेथे ग्रोमेट व बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आहे याची खात्री करावी. एअरबॉक्सच्या कामाची परीक्षा घरीही होते : फिल्टरच्या पलीकडच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ हात फिरवावा, धुळीच्या वाटेवर एक फेरी मारावी आणि नळी पुन्हा उघडावी, ग्रीसवर धूळ चिकटलेली दिसली तर गाडी तेथेच थांबवावी. रिमॅप केल्याचे सांगितले असेल तर ईसीयूतून काढलेली आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. ज्याने खरोखर काम केले आहे त्याच्याकडे त्या असतातच.

नवा एअरबॉक्स आणि मूळ क्षमतेची बॅटरी पूर्वीच्याच जागी बसवून घेतली आहे. कापलेला एअरबॉक्स, खरवडलेली केबल, रेझिस्टर आणि आवरण फाडलेली बॅटरी सीलबंद पिशव्यांत ठेवली आहेत, कारण तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी अशी विनंती मी आयोगाला केली आहे. याच प्रकारचे अंदाजपत्रक आणि याच प्रकारची बॅटरी ज्यांना मिळाली असेल त्यांनी सुटे भाग फेकू नयेत आणि आपली तक्रार वेगळी नोंदवावी. दोन वर्षांची मुदत प्रत्येकाची स्वतंत्रपणे मोजली जाते.