सरफेस, थिकनेस की दोन्ही एकत्र? कोकणातल्या सुतारकामासाठी रंधा मशीन घेताना

वखारीतून सुकलेलं, साईजचं लाकूड आणणाऱ्याची गरज वेगळी आणि परड्यातला फणस पाडून गावच्या गिरणीवर चिरून घेणाऱ्याची वेगळी. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचं काम बरंच असतं. फणस, आंबा, शिवण, आईन यांच्या फळ्या माळ्यावर सुकता सुकता बाकतात नाहीतर पिळतात. म्हणून आधी हे पक्कं समजून घ्या: थिकनेस मशीन पीळ काढत नाही. त्यातले रोलर पातळ फळीला टेबलावर दाबून सपाट करतात, वरून पाती रंधतात आणि फळी बाहेर पडली की पुन्हा उसळून होती तशी होते. जाडी सगळीकडे एकसारखी, पीळ मात्र कायम.

पीळ काढायचं काम सरफेस मशीनचं. त्यात पाती खाली, पुढच्या-मागच्या दोन टेबलांच्या मधे असतात आणि फळी हाताने वरून सरकवायची. एक बाजू सपाट होते, मग तीच बाजू फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधाराला, टेकवून कड काटकोनात निघते. गुण्या लावला की कळतंच. पण दुसरी बाजू पहिलीला समांतर येईलच, अशी खात्री सरफेस देत नाही. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ होऊ शकते. त्यामुळे खरं तर दोन्ही लागतात. एकच परवडत असेल तर कोणतं, हा प्रश्न.

घरापुरतं काम असेल, देवघर, टेबल, दोन-चार खिडक्या, तर मी १२-१३ इंची पोर्टेबल थिकनेसर घ्या म्हणेन. तो घरच्या सिंगल फेजवर चालतो. पीळ काढायला जाड प्लायवूडची एक सपाट पाटी करायची, फळी तिच्यावर ठेवून जिथे हलते तिथे पाचरी सारायच्या, पाचरी गरम गोंदाने पक्क्या करायच्या आणि पाटीसकट फळी आत घालायची. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटी करून पाटीशिवाय घालायची. आधी फळीवर पेन्सिलीच्या आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवा. शेवटची रेघ पुसली गेली की बाजू पूर्ण रंधली. कड हाताच्या रंध्याने काढता येते. सरफेसकडून थिकनेसचं काम असं करून घेता येत नाही. पोर्टेबलचे दोष दोन: आवाज कान फोडणारा, आणि फळीच्या टोकाला दोन-तीन इंच किंचित खोल कापलं जातं. लांबी तेवढी जास्त धरा.

दारांच्या चौकटींची ऑर्डर घेणाऱ्यांनी एकत्र मशीन, सरफेस कम थिकनेस, बघावं. वेगळं स्वस्त सरफेस ६ इंची मिळतं. फणसाची १० इंची फळी त्यावर मावत नाही. एकत्र मशीनवर सरफेसलाही थिकनेसइतकीच रुंदी मिळते, हा मोठा फायदा. तोटा म्हणजे काही मॉडेलमध्ये दर वेळी टेबलं उचलून मांडणी बदलावी लागते, आणि टेबलं आखूड असतात. ७ फुटी चौकटीला दोन्हीकडे स्टँड लावावेच लागतात. दोन वेगळी मशीनं जागा आणि थ्री फेज दोन्ही असलेल्यांनीच घ्यावीत. सिंगल फेजवर मोठी मोटर टाकून व्होल्टेज पडलं की मोटर तापते. गावात संध्याकाळी हे होतंच.

सरळ पाती की स्पायरल कटर, म्हणजे छोट्या पात्या गोल फिरत्या रांगेत बसवलेला? फणसाच्या रेषा उलटसुलट असतात, सरळ पात्याने कपचे उडतात. सागात सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात. स्पायरलच्या चौकोनी कार्बाईड पात्या चारदा फिरवून वापरता येतात. महाग आहे, पण परवडत असेल तर इथे पैसा घाला.

बिडाच्या टेबलाला खाऱ्या, दमट हवेत आषाढ-श्रावणात एका रात्रीत गंज धरतो. मेण चोळून ठेवा. तेल नको, त्याचे डाग फळीवर उतरतात आणि पुढे पॉलिश बसत नाही. सरफेसवर एक फुटापेक्षा आखूड तुकडा कधीच घालू नका, हातमोजे घालू नका, गार्ड काढू नका. बोटं याच मशीनवर जातात.

जुनं सरफेस किंवा एकत्र मशीन बघायला जाताना लांब सरळ पट्टी बरोबर न्या. कटर थांबवून, प्लग काढून, पुढचं टेबल मागच्याच्या पातळीला आणा आणि पट्टी दोन्हींवर लांबीच्या दिशेने, मग तिरकी ठेवा. पट्टीखालून उजेड दिसला आणि टेबलांच्या गाईडचे स्क्रू फिरवूनही तो गेला नाही, तर किंमत कितीही कमी असो, ते मशीन घेऊ नका.