कार्पेट-सोफा सफाईच्या कामासाठी व्हॅक्यूम: एक मोटर, तीन मोटर की एक्स्ट्रॅक्टर?

कार्पेट सफाईचं काम नव्यानं सुरू करणारे बहुतेक जण दुकानात दोनच प्रश्न विचारतात: किती वॉट आणि टाकी किती लिटरची. या दोन्हींवरून कार्पेट किती कोरडं निघेल याचा पत्ता लागत नाही. पाणी टाकायला पंप आणि बादली पुरते. मशीनसाठी मोजलेले पैसे ते पाणी परत काढण्यासाठी असतात. म्हणून खालच्या चार प्रकारांची तुलना त्याच एका बाजूनं केली आहे.

| | अपराइट, फिरत्या ब्रशचा | वेट-ड्राय, १ मोटर | वेट-ड्राय, २–३ मोटरी | एक्स्ट्रॅक्टर, ८–१० लिटर |
|---|---|---|---|---|
| मुख्य काम | कोरडी धूळ, वाळू, केस | धूळ आणि सांडलेलं पाणी | शॅम्पूनंतर मोठं क्षेत्र ओढणं | फवारणं आणि ओढणं एकाच फेरीत |
| वीज | कमी | १०००–१४०० वॉट | २०००–३६०० वॉट | साधारण १३०० वॉट |
| सॉकेट | ६ अँपिअर | १६ अँपिअर बरं | १६ अँपिअर, स्वतंत्र लाइन | १६ अँपिअर बरं |
| शोभतं कुठं | ऑफिस, हॉटेल, घर | घर, गाडी | सभागृह, बँक्वेट, मोठं ऑफिस | सोफा, गादी, खोलीतलं कार्पेट |
| नेहमीचं दुखणं | पट्टा, केसांचा गुंता | बुरसटलेला फिल्टर, बेअरिंग | एमसीबी पडणं, फेस मोटरमध्ये | कोरडा चाललेला पंप, तुंबलेलं नोझल |

वॉट म्हणजे सक्शन नव्हे

मशीनवर छापलेला वॉटचा आकडा म्हणजे मशीन खाते ती वीज. कामाचे आकडे दोन: वॉटर लिफ्ट, म्हणजे तोंड पूर्ण बंद केल्यावर मिळणारा खेच, आणि एअरफ्लो, म्हणजे तोंड पूर्ण उघडं असताना वाहणारी हवा. एक विक्रेता मिलिमीटर पाणी सांगतो, दुसरा मिलिबार, तिसरा किलोपास्कल. १००० मि.मी. पाणी म्हणजे ९.८ किलोपास्कल किंवा ९८ मिलिबार. हवेसाठी १ सीएफएम म्हणजे ०.४७ लिटर प्रतिसेकंद. आधी सगळे आकडे एकाच मापात आणा, मगच शेजारी मांडा.

हे दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. उदाहरणार्थ, जर्मन कंपनी कार्चरच्या पुझी १०/१ या एक्स्ट्रॅक्टरचा खेच २२ किलोपास्कल, हवा ५४ लिटर प्रतिसेकंद आणि मोटर १२५० वॉटची. नोझल कार्पेटवर असताना काम या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी होतं. दोन्ही आकडे निम्मे धरले तर ११ × २७, म्हणजे ढोबळमानानं ३०० वॉटची खरी हवेची ताकद. बाकीची वीज उष्णतेत आणि आवाजात जाते. तेव्हा '३००० वॉट' लिहिलेलं स्वस्त मशीन '१२५०'वाल्याच्या दुप्पट-तिप्पट ओढेलच असं नाही. ज्या मशीनच्या कागदावर लिफ्ट आणि एअरफ्लो दिलेलेच नाहीत, ते धंद्यासाठी घेऊ नये.

मोटरी वाढवल्यानं काय वाढतं

तीन मोटरींच्या वेट-ड्राय मशीनमध्ये मोटरी सहसा एकाच टाकीच्या झाकणावर शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. अशा जोडणीत हवा वाढते, खेच मात्र एका मोटरीइतकाच राहतो. खेच वाढवायचा तर मोटरी एकीमागे एक जोडाव्या लागतात किंवा मोटरीत पंख्यांचे टप्पे वाढवावे लागतात. म्हणून दोन टप्प्यांच्या तीन मोटरींपेक्षा तीन टप्प्यांची एक मोटर जाड लोकरीतलं पाणी कधी कधी जास्त खोलवरून आणते.

जास्त हवेचा उपयोग रुंद नोझलला होतो. १२–१४ इंची नोझलची फट मोठी, दोन्ही बाजूंनी हवा गळते, तिथं एक मोटर धापा टाकते. सोफ्याच्या ४ इंची नोझलला मात्र तिसऱ्या मोटरीचा काही उपयोग नाही. निव्वळ सोफे करणाऱ्यानं तीन मोटरींचं धूड लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढवणं म्हणजे कंबरेशी वैर.

पाइपचा व्यास मोटरींबरोबर बदलायला हवा, आणि नेमका तोच विसरला जातो. तेवढीच हवा ३८ मि.मी.ऐवजी ५० मि.मी. पाइपातून नेली तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. तीन मोटरींना ३८ मि.मी.चा १० मीटर पाइप लावला तर तिसरी मोटर फक्त वीज खाते. उलट चूकही होते: एका मोटरीला ५० मि.मी. पाइप लावला तर आतला वारा मंदावतो. ३० लिटर प्रतिसेकंद हवा ३८ मि.मी. पाइपात सुमारे २६ मीटर प्रतिसेकंदानं धावते, ५० मि.मी.मध्ये १५ नं. मग पाणी पाइपाच्या तळाशी साचून गचके देत येतं आणि नोझल उचललं की उरलेलं परत कार्पेटवर सांडतं.

एक गोष्ट दुकानातच तपासावी. तीनपैकी एकच मोटर चालू करून पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवा. खेच अगदी मरतुकडा लागला, तर बंद मोटरींखाली झडप नाही आणि हवा त्यांच्यातून उलटी आत येते आहे. अशा मशीनवर 'एका मोटरीवर पण चालतं' हे वाक्य खोटं ठरतं.

वीज

२३० व्होल्टवर ३६०० वॉट म्हणजे १५.६ अँपिअर. म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेट काठोकाठ भरलं. सुरू होताना मोटर क्षणभर कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, म्हणून तिन्ही बटणं एकदम दाबली की एमसीबी पडतोच. दोन-तीन सेकंदांच्या अंतरानं एकेक चालू करावी. जुन्या चाळीत किंवा भाड्याच्या हॉलमध्ये १६ अँपिअरचं सॉकेट फक्त गिझर किंवा एसीच्या जागी सापडतं. जाण्याआधी फोनवर विचारून घ्यावं.

२५ मीटरची एक्स्टेन्शन वायर तीन-कोअर तांब्याची, २.५ चौ.मि.मी.ची हवी. तेवढ्याच लांबीची १ चौ.मि.मी.ची वायर १५ अँपिअरवर साधारण १४ व्होल्ट गिळते, तापते आणि मोटर मंदावते. मोटर मंदावली की खेच वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे वेग ५ टक्के कमी झाला तर खेच जवळपास १० टक्के. रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा. ओल्या जमिनीवर काम आहे, तेव्हा अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत तडजोड नको.

शॅम्पू-वेट-ड्राय विरुद्ध एक्स्ट्रॅक्टर

आपल्याकडे अजून सर्रास दिसणारी पद्धत म्हणजे १७ इंची सिंगल डिस्कनं (एकाच गोल ब्रशच्या मशीननं) शॅम्पू घासायचा आणि वेट-ड्रायनं ओढायचा. मोठ्या सिंथेटिक कार्पेटवर ती झपाट्यानं होते. पण किती पाणी गेलं याचा हिशोब राहत नाही आणि फेस पूर्ण निघत नाही. तंतूंवर उरलेला साबण चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात चालण्याच्या वाटा पुन्हा काळ्या दिसतात. कापलेल्या पाइलवर, म्हणजे कार्पेटच्या उभ्या तंतूंवर, डिस्क एकाच जागी रेंगाळली तर पाइल पिळवटते, ते वळण परत जात नाही.

याच पद्धतीत मशीन मरतंही लवकर. पाणी चढलं की टाकीतला तरंगणारा फ्लोट वर येऊन हवा बंद करतो आणि मोटरीचा आवाज एकदम चढा होतो. फेस मात्र फ्लोट उचलत नाही, सरळ पंख्यात शिरतो. तिथून ओल बेअरिंगपर्यंत गेली की आधी खरखर, मग किंचाळणं, मग मोटर बदला. टाकीत आधीच फेस मोडणारा डीफोमर टाकावा, आणि काम संपल्यावर मशीन पाच-दहा मिनिटं रिकामं चालवून आतली ओल उडवावी. मोटर बायपास प्रकारचीच हवी: तिला थंड करणारी हवा वेगळी येते, ओढलेली दमट हवा वाइंडिंगवरून जात नाही. स्वस्त मशीनच्या मोटरीत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तारही निघते, तेही विचारून घ्या.

एक्स्ट्रॅक्टर या बाबतीत शिस्तीचा. पुझी १०/१ चा पंप मिनिटाला १ लिटर फवारतो, १० लिटरची टाकी, म्हणजे सलग ट्रिगर दाबला तर दहा मिनिटं. नळ दूर असलेल्या सभागृहात हे हैराण करतं, पण दिवाणखान्यात हाच लगाम उपयोगी पडतो. रीत अशी: आधी कोरडा व्हॅक्यूम, मग डागांवर प्री-स्प्रे (आधी फवारायचं सफाईचं द्रावण) आणि दहा-एक मिनिटं थांबणं, मग नोझल मागे ओढत एक ओली फेरी आणि त्याच पट्ट्यावर ट्रिगर सोडून दोन-तीन कोरड्या फेऱ्या. कोरड्या फेऱ्या वाचवणारा कामगार वेळ वाचवत नाही, दुसऱ्या दिवसाची तक्रार बुक करतो. टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला तर छोटा व्हायब्रेशन पंप जळतो. क्षारयुक्त बोअरच्या पाण्यानं जेट बुजतं. दर आठवड्याला कोमट पाण्यात व्हिनेगर घालून फिरवावं.

कोरडा व्हॅक्यूम वेगळा का हवा

कार्पेटमधला बराच मळ म्हणजे वाळू आणि धूळ. ती न काढता पाणी टाकलं की चिखल होतो आणि तो तळाशी बसतो. फिरत्या ब्रशचा अपराइट हे काम वेट-ड्रायच्या सपाट नोझलपेक्षा किती तरी चांगलं करतो. दम्याचे रुग्ण असलेल्या घरासाठी पिशवी आणि अगदी बारीक धूळ अडवणारा एच१३ फिल्टर घ्या. वेट-ड्रायनं कोरडं काम करायचं तर कापडी फिल्टर लावा आणि पाण्याआधी तो काढा. ओल्या फिल्टरवर बसलेली धूळ विटेसारखी घट्ट होते.

हाताच्या गाठींच्या काश्मिरी रेशमी किंवा भदोहीच्या लोकरी गालिच्यावर ब्रश बंदच. झालर ब्रशात गेली तर गाठी उसवतात. असे गालिचे एक्स्ट्रॅक्टरवरही लगेच घेऊ नयेत: आधी ओल्या पांढऱ्या कापडानं रंग सुटतो का पाहावं, कारण लालभडक रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला तर तो काढता येत नाही. ताग किंवा सुती पाठ असलेलं कार्पेट जास्त वेळ ओलं राहिलं तर वर तपकिरी छटा येते.

डेमोला काय न्यावं

डेमो बहुतेकदा प्रदर्शनाच्या पातळ, पाइल नसलेल्या कार्पेटवर देतात. त्यावर कुठलंही मशीन छान दिसतं. १०–१२ मि.मी. पाइलचा स्वतःचा तुकडा, मापाचं भांडं आणि एक व्हॅक्यूम गेज न्या. पाइपाचं तोंड गेजवर पूर्ण बंद करा: २२ किलोपास्कल म्हणजे गेजवर सुमारे १६५ मि.मी. पारा. मग ५ लिटर फवारून, ओढलेलं पाणी जिथं साठतं त्या मलिन टाकीतलं पाणी मोजा. कोरडा तुकडा पहिल्या वेळी पाणी पितो, म्हणून दुसऱ्या खेपेचा आकडा धरा. समजा १० × १२ फुटांच्या खोलीत ११ लिटर टाकलं. ८५ टक्के परत आलं तर दीड-पावणेदोन लिटर आत उरलं, ६० टक्के आलं तर साडेचार लिटर. पहिलं पंख्याखाली रात्रीत वाळतं. दुसरं जुलैत, मुंबईच्या हवेत, वास धरतं.

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांची कामं घेणाऱ्यांनी आणखी एक वजावट धरावी. तिथं हवा विरळ, खेच दहा-बारा टक्के कमी पडतो, त्यात धुकं. तिथं कोरड्या फेऱ्या वाढवा आणि एअर ब्लोअर सोबत न्या.

कुणी काय घ्यावं

दोघांची टीम, घरं आणि सोफे: एक अपराइट आणि १० लिटरचा एक्स्ट्रॅक्टर. एक्स्ट्रॅक्टर देशी वेट-ड्रायच्या कित्येक पट महाग, तरी पैसे इथंच घाला. ऑफिसची कार्पेट टाइल आणि बँक्वेट हॉल मिळू लागले की दोन मोटरींचं वेट-ड्राय ५० मि.मी. पाइपासह. तीन मोटरी फक्त त्यांनी घ्याव्यात ज्यांना जागेवर स्वतंत्र १६ अँपिअरची लाइन मिळते. व्हॅनमध्ये बसवलेली ट्रकमाउंट मशीन आपल्या उंच इमारतींच्या शहरांत फारशा कामाच्या नाहीत: पाइप खिडकीतून किती मजले नेणार, आणि व्हॅन कुठं उभी करणार?

बिल करण्याआधी त्याच दुकानात मोटरीतल्या कार्बन ब्रशची जोडी, फ्लोट, झाकणाचं गॅस्केट आणि स्प्रे जेट मागा. चारही वस्तू काउंटरवर आल्या तरच बिल करा.