अडीच लाखांचं रिटर्न, पंधरा लाखांचं कर्ज आणि ‘सेटिंग’वाला एजंट

तालुक्याच्या गावी ज्याचं वेल्डिंगचं, टाईल्सचं नाहीतर कृषी केंद्राचं दुकान बरं चालतं, त्याचंही इन्कम टॅक्सचं रिटर्न बहुतेकदा अडीच लाखांच्या आतच असतं. तेवढ्यावर कर लागत नसे, म्हणून भरून देणाऱ्याने वर्षानुवर्षं तोच आकडा टाकलेला. घर बांधायची वेळ आली की बँक तो कागद बघते आणि पाच-सहा लाखांवर हात वर करते. तिथून माणूस एजंटच्या तावडीत सापडतो. यवतमाळ जिल्ह्यातला एक फॅब्रिकेशनवाला पंधरा लाखांच्या कर्जासाठी याच वाटेने गेला. त्याचं नाव-गाव बाजूला ठेवू. विदर्भात वरुडपासून मेहकरपर्यंत ही तऱ्हा थोड्याफार फरकाने सारखीच दिसते.

“भाऊ, तुमी काऊन टेन्शन घेता? वरपर्यंत आपली सेटिंग हाये. तुमी फक्त सह्या मारा.” सुरुवात अशी. फाईल चार्ज पाच हजार, फोनपेवर. मग आधार, पॅन, इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड आणि सही केलेले सहा कोरे चेक. शिवाय ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर एक करार: एजंट ‘सल्ला’ देणार, कर्ज मंजूर होवो वा न होवो, फी परत मिळणार नाही. हा कागद पुढे पोलीस ठाण्यात एजंटच्या उपयोगी पडतो, म्हणून तो आधीच करून घेतात. वास्तविक बँकेला लागतो तो रद्द केलेला चेक. त्यावर आडवी रेघ मारून ‘कॅन्सल्ड’ लिहायचं, सही करायची गरज नसते. सही केलेला कोरा चेक फाईलसाठी मागणारा माणूस तो फाईलला लावणार नसतो.

खरी मेख रिटर्नमध्ये. दोन लाख चाळीस हजारांच्या जागी सहा लाख दाखवायचे, तर पोर्टलवर जाऊन मागच्या वर्षांचं अद्ययावत रिटर्न भरावं लागेल, त्यावर लागू असेल तो कर आणि जादा कर बसेल. एजंट हे करत नाही. तो पावतीची पीडीएफ घेतो, कॉम्प्युटरवर आकडा बदलतो, वर सीएचा शिक्का मारून ताळेबंद जोडतो आणि ‘रिटर्न बनवायचे’ पंधरा-वीस हजार उकळतो. ही लबाडी बँकेत टिकत नाही. पावतीवरचा पंधरा अंकी क्रमांक तपासला की पोर्टलवर जुनाच आकडा निघतो. २६एएस आणि एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडच्या करकपातीच्या आणि व्यवहारांच्या पत्रकांतल्या नोंदी जुळत नाहीत. सीएने दिलेल्या दाखल्यावर अठरा अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, लागतो. तो सीएंच्या संस्थेच्या साईटवर कोणीही टाकून बघू शकतो. खोट्या दाखल्यावर तो एकतर नसतो, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या कागदाचा असतो. काही जण मागच्या तीन वर्षांची रिटर्नं एकाच आठवड्यात भरतात. ती खरी असली तरी भरल्याच्या तारखा बघून बँकेचा माणूस काय समजायचं ते समजतो.

त्याहून वाईट प्रकार खात्याची उलाढाल फुगवण्याचा. एजंट तुमच्या खात्यात दोन-तीन लाख टाकतो, चार दिवसांनी काढायला लावतो, असं तीन-चार महिने चालतं. स्टेटमेंट भरदार दिसतं, पण तो पैसा कुठून आला हे तुम्हाला ठाऊक नसतं. तो ऑनलाईन फसवणुकीचा निघाला तर दूरच्या कुठल्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावर तुमचं खातं गोठतं. त्या फॅब्रिकेशनवाल्याचं गोठलं ते ऐन डिसेंबरात, सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) घातलेल्या कापसाचे पैसे त्यात जमा झालेले असताना.

शेवटी येतं मंजुरीपत्र, तेही व्हॉट्सअॅपवर. लोगो बँकेचा, सही धूसर. त्यापाठोपाठ विमा, जीएसटी, फाईल रिलीज, एनओसी अशा नावांनी दर चार दिवसांनी मागणी, आणि प्रत्येक वेळी पैसे कुणाच्या तरी बचत खात्यात. बँक आपली प्रोसेसिंग फी स्वतःच्या खात्यात घेते, पावती देते, नाहीतर कर्जाच्या रकमेतून कापते. नेमलेल्या एजंटला कमिशन बँकच देते, गिऱ्हाइकाकडून घेण्याचा प्रश्न येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर किरकोळ कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक आहे. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

या प्रकरणात प्लॉटकडे कुणी बघितलंच नव्हतं. अकृषक परवानगी नसलेल्या ले-आऊटमधला प्लॉट, हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) नाही, मंजूर नकाशा नाही. असा प्लॉट तारण घ्यायला बहुतेक बँका तयार होत नाहीत. म्हणजे फाईल पडणार हे एजंटला पहिल्या दिवशीच माहीत होतं. कुठलाही पैसा देण्याआधी मालकीचे कागद शाखेत दाखवा, निम्मा निकाल तिथेच लागतो.

मग फसलेला माणूस तक्रार का करत नाही? कारण खोट्या रिटर्नखाली सही त्याची असते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे आणि एजंट ते बरोबर ऐकवतो: “मी गेलो त तुमीबी जासान.” आमच्या मते सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

आणि याची गरज किती होती, ते आकड्यांनीच बघा. नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखाला महिना साधारण ९०० रुपये हप्ता पडतो. पंधरा लाखांचा हप्ता झाला साडेतेरा हजार. गाडीचा हप्ता अडीच हजार धरा, एकूण सोळा. उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत हप्ते चालतील असं बँकेने धरलं, तर महिन्याला चाळीस हजार, वर्षाला ४ लाख ८० हजार उत्पन्न दिसायला हवं. दुकानाची खरी कमाई तेवढी होतीच. नव्या कर प्रणालीत २०२३-२४ पासून सात लाखांपर्यंत आणि २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंत अशा धंद्याच्या उत्पन्नावर सूट धरून कर शून्य येतो. कर वाचवायला उत्पन्न लपवायचं कारणच उरलेलं नाही, तरी गावोगाव अजून तोच जुना आकडा भरला जातो! छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफा धरण्याच्या नियमात (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी) रोख विक्रीवर आठ टक्के आणि डिजिटल विक्रीवर सहा टक्के नफा धरतात. तो किमान आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो.

दोन वर्षं खरं रिटर्न मुदतीत भरा, विक्रीचा पैसा खात्यातून फिरवा, घरात कुणी पगारदार असेल तर सहकर्जदार घ्या. थांबायला वेळ नसेल तर काही गृहवित्त कंपन्या रिटर्नऐवजी प्रत्यक्ष पाहणीवर उत्पन्न ठरवतात. त्यांचा माणूस दुकानात येतो, माल मोजतो, खरेदीची बिलं, वीजबिल, बारा महिन्यांचं स्टेटमेंट बघतो. शेती असेल तर सातबारा आणि बाजार समितीची पट्टीही धरतो. दर मात्र चढा. तेच पंधरा लाख तेरा टक्क्यांनी घेतले तर हप्ता साडेसतरा हजारांच्या वर जातो, महिन्याला चार हजारांचा फरक. पुढे खरी रिटर्नं जमली की स्वस्त बँकेकडे कर्ज वळवता येतं, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही.

अडकला असाल तर चेक क्रमांकानिशी बँकेत लेखी ‘स्टॉप पेमेंट’ द्या, न ओळखीचे ऑटो-डेबिट बंद करा, इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड बदला. पैसा ऑनलाईन गेला असेल तर लगेच १९३० वर फोन. जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तुमच्या आधार-ओटीपीवर एखाद्या अॅपमधून वैयक्तिक कर्ज उचललेलं असेल तर ते तिथेच दिसेल. चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. खोटं रिटर्न बँकेत पोहोचलं नसेल तर अर्ज लेखी मागे घ्या. पोहोचलं असेल तर पोलिसांत जाण्याआधी वकिलाला सगळं खरं सांगा आणि एजंटची व्हॉट्सअॅप चॅट, आवाजाचे मेसेज, फोनपेच्या पावत्या पुसू नका. रिटर्नचा आकडा कुणी बदलला, हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं.