खारघरची फुटबॉल चाचणी : साडेतीन हजारांत काय मिळालं

आधी आकडे सांगतो, कारण असलं काही वाचताना मी स्वतः आधी तेच शोधतो. एका दिवसाची चाचणी, माणशी ३,५०० रुपये, कॉलेजात खेळणारी १७ ते २२ वयाची मुलं, सकाळी सात ते दुपारी एक. त्यात पळण्याचा वेग नि अंतर नोंदवणारं जीपीएसचं काळं बनियन दिवसापुरतं वापरायला, दोन केळी, ओआरएसची एक पुडी आणि आठ दिवसांनी मेलवर अहवाल. अहवालाच्या शेवटच्या पानावर एकच मोठा आकडा असतो : हा मुलगा व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याची शक्यता किती टक्के. माझ्या भाच्याला ७८ मिळाले.

संस्थेचं नाव लिहीत नाही. मला कुणाची पाटी उतरवायची नाही, मालाबद्दल बोलायचंय.

मी कोण, तर तुर्भे एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो आणि शनिवार-रविवार ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत झेंडा घेऊन लाईनवर पळतो. गेली एकोणीस वर्षं. आता लाईन्समनला असिस्टंट रेफरी म्हणायचं असतं, पण मैदानावर कुणी म्हणत नाही. आमची जागा ठरलेली : शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत. म्हणजे माझ्या बाजूचा जो बॅक, कडेचा बचावपटू, असेल त्याच्यापासून चार हातांवर मी अख्खा हाफ काढतो. तो कधी दमला, मधल्या बचावपटूला, म्हणजे स्टॉपरला, काय ओरडला, समोरचा कडेने चढणारा विंगर पाठीमागून निघाला तेव्हा त्याला कळलं की नाही, हे मला कोचच्या आधी कळतं. आणि भाचा नेमका राइट बॅक. त्यामुळे मी जरा खडूस गिऱ्हाईक आहे हे मान्य.

मग चाचणीला नेलाच कशाला? धाकटी बहीण विचारत होती, “दादा, ह्याचं फुटबॉलमध्ये काही होणारे का, का आता बीकॉमकडेच बघू?” घरचं पोर म्हटलं की माझा झेंडा वर जात नाही. म्हटलं, तिऱ्हाईताने सांगितलेलं बरं.

रविवारी पहाटेची ठाणे-पनवेल लोकल पकडली. त्याच्या कॉलेजचे अजून तिघं डब्यात भेटले. खारघरला उतरून शेअर रिक्षा, टर्फवर पावणेसातला हजर. व्यवस्था चांगली होती, ते आधीच सांगतो. नोंदणी वेळेत, बनियनं धुतलेली, फिजिओ पूर्णवेळ हजर. पार्किंग नाही, बाथरूम एकच, आणि अकरानंतर टर्फमधले ते काळे रबरी दाणे असे तापतात की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. मे महिन्यात ठेवू नका एवढंच.

पहिले दोन तास मोजमापाचे. दहा आणि तीस मीटरची धाव, तीही स्टॉपवॉचवर नाही; तिवईवरच्या किरणांच्या गेटमधून. उभ्या जागेवरून उडी. मग यो-यो टेस्ट. ही डेन्मार्कच्या येन्स बांग्सबोंची. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद दम खायचा, की पुढची बीप, आणि बीपांमधलं अंतर कमी कमी होत जातं. हा सगळा भाग पैसे वसूल. आमच्याकडच्या कॉलेजांच्या मुलांना आपण तीस मीटर किती सेकंदांत पळतो हेच माहीत नसतं. भाच्याला कळलं, वर दहा मीटरपर्यंत आपण मागे असतो आणि नंतर सगळ्यांना गाठतो हेही कळलं. बॅकला हे माहीत असणं फार कामाचं. विंगरला पहिली दोन पावलं आयती द्यायची नाहीत, मग पुढे त्याची चिंता नाही.

घोळ झाला तो खेळात. अर्ध्या टर्फवर सात-सात जणांचे सामने लावले, पंधरा-पंधरा मिनिटांचे. आता मला सांगा, राइट बॅकचं काम काय? समोरच्या बाजूने तिरका लांब बॉल आला की पाठीमागच्या माणसाकडे लक्ष ठेवून तो काढायचा. स्टॉपरसोबत रेषा धरायची, एक पाऊल पुढे की मागे ते ठरवायचं. आपला विंगर आत घुसला की ओव्हरलॅप मारायचा, म्हणजे त्याच्या बाहेरून पुढे पळायचं, आणि बॉल गेला तर तेवढंच अंतर उलटं पळायचं. मोठं मैदान शंभर-एकशेपाच मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद असतं. इथे तीस मीटरच्या पट्टीत, ऑफसाइड नाही अशा खेळात, यातलं काहीच घडत नाही. उठून दिसतो कोण, तर पायात बॉल चिकटवून तिघांना गंडवणारा. तशी मुलं मी लाईनवरून शेकड्यांनी पाहिलीत. मोठ्या मैदानावर पहिल्या वीस मिनिटांत टाळ्या, आणि साठाव्या मिनिटाला कमरेवर हात.

एक माणूस मात्र तिथे फुटबॉल बघत होता. पन्नाशीपुढचे, डोक्याला मळकी टोपी, कॉर्नरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात शंभर पानी वही. लॅपटॉपवाल्या पोरांच्या घोळक्यात ते कुणाचे तरी काका वाटत होते. भाच्याने उजवीकडे एक पास घेतला, आत वळला आणि सरळ समोरच्याच्या पायात दिला. खेळ थांबल्यावर त्यांनी त्याला बोलावलं. शिव्या नाहीत, भाषण नाही.

“बॉल यायच्या आधी डावीकडे कोण होतं तुझ्या?”

“सर... आमचाच कुणीतरी.”

“कुणीतरी नाही. कोण?”

त्याला सांगता येईना. चार मिनिटांनी परत तोच प्रश्न, परत तीच बोंब. तिसऱ्या वेळी स्टॉपरने बॉल सोडला, आणि तो पायाशी पोचायच्या आधी भाच्याची मान डाव्या खांद्यावरून मागे गेली. अर्धा सेकंद. मग अंग बाजूला वळतं ठेवून लांबच्या पायावर बॉल घेतला, तोंड आधीच मैदानाकडे, आणि मधल्या फळीतल्या मोकळ्या हाफला पास. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं. वर बघितलंसुद्धा नाही.

सहा तासांत व्यावसायिक खेळाडू ओळखण्याची जी काही विद्या तिथे होती, ती एवढीच. नॉर्वेतले गेअर यॉर्डेट नावाचे प्राध्यापक कितीतरी वर्षं हेच मोजतायत : बॉल मिळण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून बघतो. मला ते नाव फार उशिरा कळलं, पण लाईनवर उभं राहून हे दिसायला प्राध्यापक लागत नाही.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाच पानं, त्यातलं पहिलं फोटोचं आणि दुसरं त्यांच्याच कौतुकाचं. तिसऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी ती रंगीत आकृती. धाव, उडी, यो-यो बरोबर. बाकी वेग, तंत्र, दृष्टी, नेतृत्व वगैरेंना दहापैकी गुण. मान वळवण्याबद्दल एक ओळ नाही. काकांच्या वहीतलं एक अक्षर नाही.

लोकलमधल्या चौघांचे अहवाल शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा खरी मजा. ७८, ७६, ८१ आणि ७४. म्हणजे ठाणे-पनवेल लोकलच्या एका डब्यातून चार प्रोफेशनल फुटबॉलपटू! एकाचा घोटा सातव्या मिनिटाला मुरगळला होता, तो पुढे बर्फ लावून बसला. त्याला सामन्यातल्या दमासाठी ८ गुण. आणि ७४ वाला गोलकीपर आहे. त्याच्या अहवालात “क्रॉसिंग : ६.५” असं छापलंय. क्रॉसिंग म्हणजे कडेवरून समोरच्या गोलपुढे बॉल टाकणं. त्याने दिवसभरात गोलपोस्ट सोडली ती केळं घ्यायला.

दुसऱ्याच दिवशी फोन. “सर, तुमच्या भाच्याचं प्रोफाइल अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी एकदम फिट आहे.” व्हिडिओ बनवणं, कॉलेजांना पाठवणं, स्कॉलरशिपचं मार्गदर्शन, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. “तिथे कॉलेजातूनच थेट प्रो होतात सर.”

होतात, खोटं नाही. पण तिथेसुद्धा ओळखणाऱ्यांची काय गत होते ते बघा. मेजर लीग सॉकर या तिथल्या सगळ्यात वरच्या लीगचे क्लब कॉलेजच्या मुलांना ड्राफ्टमध्ये नाव पुकारून घेतात; २००० पासून त्याला सुपरड्राफ्ट म्हणतात. २००४ साली फर्मन विद्यापीठाचा क्लिंट डेम्प्सी आठवा निवडला गेला, न्यू इंग्लंड नावाच्या तिथल्याच क्लबने घेतला. पुढे तो इंग्लंडात फुलमकडून खेळला आणि देशासाठी ५७ गोल मारले. म्हणजे त्याच्या आधी सात नावं पुकारली गेली होती. क्रिस वोंडोलोव्स्की चिको स्टेटसारख्या बारक्या कॉलेजातला. २००५ मध्ये तो मुख्य यादीत नव्हताच, उरलेल्यांच्या पुरवणी ड्राफ्टमधून सॅन होजेने उचलला. २०२१ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १७१ गोल होते, लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त. आणि गोलकीपर मॅट टर्नर! फेअरफिल्डला असताना त्याने स्वतःच्या हाताने गोलात घातलेला एक बॉल टीव्हीवर फजिती म्हणून फिरला होता. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच घेतलं नाही. २०२२ मध्ये तो आर्सेनलमध्ये गेला, आणि त्याच वर्षी कतारच्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या गोलात उभा होता.

तिथल्या स्काउटची, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याचीही अडचण असते. कॉलेजचा हंगाम ऑगस्टअखेरपासूनच्या तीन-साडेतीन महिन्यांत कोंबलेला, आणि नियम असे की बदली झालेला गडी परत आत येऊ शकतो. मग नव्वद मिनिटं टिकणारा कोण आणि विश्रांती घेऊन ताजा दिसणारा कोण, हे कसं कळणार? आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत दुसरं दुखणं. एका मैदानावर दिवसात पाच-सहा सामने उरकायचे म्हणून हाफ छोटे करतात. जो बॅक पंच्याहत्तराव्या मिनिटाला माणूस सोडतो, त्याला पंच्याहत्तरावं मिनिट कधी दिसतच नाही. वर आता अमेरिकेतले क्लब आपल्याच अकादमीतली पोरं आधी करारबद्ध करतात, आणि ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत कितीदा नाव न घेता पास म्हणून मोकळे होतात. फोनवरच्या मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, “सर, मी सिनियरशी बोलून घेते.” अजून घेतेय.

आपल्याकडे तर वाट आणखी अरुंद. आमच्या वेळी फुटबॉलमध्ये काही होणं म्हणजे नोकरी लागणं : एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा आम्ही तुर्भ्याच्या कॅन्टीनमध्ये पेढे वाटले होते, आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. आता पैसा आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, पण तिथे जाणारी पोरं अकादम्यांतून येतात. घणसोलीला रिलायन्सच्या अकादमीत मुलगा जातो तेव्हा त्याला मिसरूडही फुटलेलं नसतं. वीस वर्षांचा कॉलेजकुमार त्यांच्या हिशोबाने म्हातारा. तरी अगदीच नाही असंही नाही. मुंबईचा राहुल भेके मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असा क्लबमागून क्लब करत वर चढला, आणि २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात अंधेरीच्या मैदानावर ११७ व्या मिनिटाला हेड मारून त्याने बंगळुरूला ट्रॉफी दिली. तोही बचावपटू.

बहिणीला मी माझा अहवाल तोंडी दिला. वेग आहे. हेडिंग ठीक. डावा पाय उभं राहण्यापुरता. मान सांगितल्यावर वळते, आपण होऊन नाही. चूक झाली की पुढची पाच मिनिटं रेफरीकडे बघत बसतो, हे वाईट. मला तर जास्तच टोचतं. बीकॉम चालू ठेव, आणि मुंबईच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनच्या एखाद्या क्लबला एक पूर्ण हंगाम खेळू दे, मोठ्या मैदानावर, थोराड माणसांच्यात. मग बोलू. ती म्हणाली, “टक्के सांग ना.” टक्के नाहीत माझ्याकडे.

तर चाचणी घ्यावी का? मुलाला स्वतःची धाव आणि दम मोजून हवा असेल तर खुशाल जा, एवढ्या नीट ठाण्या-नवी मुंबईत मी दुसरीकडे मोजताना पाहिलं नाही. शेवटच्या पानावरच्या आकड्यासाठी जाणार असाल तर त्या पैशात चांगले स्टड येतील. मी पाचपैकी अडीच तारे देतो. त्यातले दोन किरणांच्या गेटला आणि अर्धा फिजिओला.

टोपीवाल्या काकांना यातलं काही देता येत नाही, कारण ते त्यांच्या पॅकेजमध्येच नाहीत. मी मेल टाकून विचारलं होतं, की भाच्याबद्दल त्या वहीत जे लिहिलंय त्या पानाचा फोटो मिळेल का. उत्तर आलं, “ते सरांचं वैयक्तिक टिपण असल्याने अहवालाचा भाग नाही.” परत लिहिलंय, की त्या एका पानाचे वेगळे पाचशे रुपये देतो.