दिवसभर आपोआप रंग बदलणारे दिवे: अ‍ॅपल होम, ह्यू की होम असिस्टंट?

आधी स्मार्ट बल्बच्या खोक्यावरचा केल्विनचा आकडा बघा. हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळा. रात्रीसाठी 2200 पर्यंत उतरणारा बल्ब हवा. जो 2700 वर थांबतो, त्याला कुठलंही अ‍ॅप आणखी पिवळा करू शकत नाही.

बसवायला सगळ्यात सोपं अ‍ॅपल होम, म्हणजे आयफोनमधलं घरातली उपकरणं चालवायचं अ‍ॅप. आयओएस 14 पासून त्यात ‘अ‍ॅडॅप्टिव्ह लायटिंग’ (वेळेनुसार दिव्याचा रंग बदलणारी सोय) आहे. घरातली उपकरणं जोडणारं हब म्हणून होमपॉड किंवा अ‍ॅपल टीव्ही लागतो, आणि बल्बमध्येही ही सोय असावी लागते. दिव्याच्या रंगांमध्ये तो पर्याय निवडला की काम झालं. पण बदलतो फक्त रंग, उजेड कमी होत नाही. आणि रात्री शंभर टक्क्यांवरचा पिवळा दिवासुद्धा डोळ्यांवर येतोच. हाताने दुसरा रंग निवडलात तर हा पर्याय बंद होतो, तो पुन्हा निवडावा लागतो.

ह्यू म्हणजे फिलिप्सचे स्मार्ट दिवे. त्यांचा ‘नॅचरल लाइट’ सीन (तयार सेटिंग) रंगासोबत उजेडही बदलतो. त्याला ब्रिज, म्हणजे दिवे जोडणारी ह्यूची पेटी, लागतो. सगळे दिवे ह्यूचेच असतील तर पुढे शोधत बसू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे असतील तर होम असिस्टंट, म्हणजे सगळी उपकरणं एकत्र चालवणारं मोफत सॉफ्टवेअर. त्यात हॅक्समधून (जादा सोयी उतरवायचं त्याचं दुकान) ‘अ‍ॅडॅप्टिव्ह लायटिंग’ घ्या; नाव तेच, पण हे अ‍ॅपलचं नाही. मुळात ते 2000 ते 5500 केल्विनमध्ये, दर 90 सेकंदांनी, सूर्याप्रमाणे रंग आणि उजेड बदलतं. उगवती-मावळतीची वेळ स्वतः ठरवता येते, झोपेसाठी वेगळा मोडही आहे. मेहनत इथेच जास्त. काही बल्ब, विशेषतः आयकियाचे, रंग आणि उजेड एकाच आदेशात हळूहळू बदलू शकत नाहीत. तिथे ‘सेपरेट टर्न ऑन कमांड्स’ चालू करा. हाताने मंद केलेला दिवा बंद करून पुन्हा लावेपर्यंत आपोआप बदलत नाही. ते नको असेल तर ‘ऑटोरिसेट कंट्रोल सेकंड्स’मध्ये 3600 भरा, म्हणजे तासाभराने तो परत ताळ्यावर येतो. झिग्बी (स्मार्ट उपकरणांची वायरलेस पद्धत) रिमोट थेट बल्बशी जोडलेला असेल तर रात्री दिवा आधी जुन्या पांढऱ्या रंगात पेटतो आणि मग पिवळा होतो, कारण होम असिस्टंटला दिवा लागल्याचं नंतर कळतं. रिमोटचा आदेश होम असिस्टंटमार्फत पाठवला की ही पांढरी लखलख थांबते.

भिंतीवरचं बटण मात्र तिन्हींना नडतं. वीजच तोडली तर बल्ब आदेश घेणार कसा? घरातली माणसं तेच बटण दाबणार असतील, तर बल्बाआधी त्या जागी वायरलेस बटण बसवा.