कागदावरची सही की पडद्यावरची? दस्तऐवज आणि ईमेलसाठी तुलना

पीडीएफ अर्जावर किंवा करारावर आपल्या हातची सही उमटवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत: कागदावर शाईने केलेल्या सहीचे चित्र तयार करून ते वापरणे, किंवा बोटाने, ट्रॅकपॅडवर अथवा स्टायलसने (पडद्यावर लिहिण्याच्या पेनाने) ती थेट पडद्यावर काढणे. नाव टाइप करून त्याला हस्ताक्षरासारखा फाँट देण्याची सोयही पुष्कळ ॲपमध्ये असते. मात्र त्यातले वळण आपले नसल्यामुळे तिचा विचार येथे केलेला नाही.

कागदाच्या मार्गाचा मोठा गुण असा, की सही खरोखर आपलीच दिसते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात बसलेली ती गती, शेवटच्या अक्षरावरून मागे ओढलेली रेघ आणि तिच्याखालची दोन टिंबे काचेवर बोट फिरवून सहसा साधत नाहीत. तयारी मात्र नीट करावी लागते. कोऱ्या, रेघा नसलेल्या पांढऱ्या कागदावर जरा जाड टोकाच्या काळ्या पेनाने आठ-दहा सह्या कराव्यात आणि त्यांतली सर्वांत सहज उतरलेली सही 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन करावी. मोबाइलने फोटो काढला, तर हाताची सावली कागदावर राखाडी डाग म्हणून उतरते आणि पुढे तो डाग पुसणे जिकिरीचे होते. फाइल पीएनजी प्रकारातच जतन करावी, कारण जेपीईजीमध्ये पारदर्शक पार्श्वभूमी ठेवता येत नाही. जेपीईजी चित्र अर्जावर ठेवले, की सहीभोवतीचा पांढरा चौकोन खालची छापील रेघ आणि कधी शेजारची तारीखही झाकून टाकतो. वर्डमध्ये एखादा रंग पारदर्शक करण्याची सोय आहे, पण ती एकाच रंगछटेवर चालते आणि स्कॅन केलेल्या कागदाचा पांढरा रंग कधीच एकसारखा नसतो, म्हणून आधी चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवून घ्यावा. मॅकवरील प्रिव्ह्यू ॲपमध्ये सहीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला, तर पार्श्वभूमी आपोआप निघून जाते आणि हा सगळा खटाटोप वाचतो.

पडद्यावर सही काढणे त्यापेक्षा कितीतरी झटपट होते. ॲक्रोबॅट रीडरमध्ये ती एकदा काढून ठेवली, की पुढे हव्या त्या पानावर ठेवता येते, आणि पार्श्वभूमीचा प्रश्नच उद्भवत नाही. दाब ओळखणारा स्टायलस हाताशी असेल, तर हाच मार्ग निवडावा, असे माझे मत आहे. ट्रॅकपॅडवर मात्र सही थरथरते, आणि ती जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली जाणार असेल, तर कागदाचाच मार्ग धरावा.

दोन्ही मार्गांनी हाती येते ते शेवटी चित्रच. ते कोणालाही कापून दुसऱ्या कागदावर चिकटवता येते, आणि सहीनंतर मजकूर बदलला गेला, तर ते चित्र त्याची खूण देत नाही. ती खूण सही करणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल स्वाक्षरी देते, कारण ती दस्तऐवजातील मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक ठशाशी बांधलेली असते आणि नंतर केलेला फेरफार तपासणीत उघड होतो. म्हणून महत्त्वाच्या करारापूर्वी समोरच्या पक्षाला कोणती सही मान्य आहे, हे विचारून घ्यावे.

ईमेलच्या बाबतीत माझा आग्रह वेगळा आहे: करारावर करतो ती सही तेथे कधीही वापरू नये. प्रत्येक ईमेलसोबत ते चित्र अनोळखी माणसांच्या हाती जाते आणि कोणालाही ते जतन करून ठेवता येते. त्याऐवजी केवळ पहिले नाव सुबक अक्षरात लिहून त्याचे लहान चित्र स्वाक्षरीच्या सेटिंगमध्ये घालावे. काही ईमेल प्रोग्रॅम चित्रे आपोआप दाखवत नाहीत, म्हणून त्याखाली पूर्ण नाव आणि पद अक्षरांतही लिहिलेले असावे.