हवेचं मीटर: साडेतीन स्टार, त्यातला एक सासूबाईंच्या उदबत्तीला

एप्रिलात ऑनलाइन मागवलेलं हे तळहाताएवढं मीटर. किंमत साडेसहा हजार. पहिला पीस बंदच निघाला; तो परत करून दुसरा यायला अकरा दिवस गेले. बॉक्समध्ये चार्जिंगची नुसती वायर. बॅटरी चार तास चालते असं लिहिलंय, आमच्याकडं अडीच तासांत मान टाकते. ॲप मी घेतलंच नाही. हवा मोजायला माझा मोबाइल नंबर कशाला पाहिजे?

घेतलं ते मामंजींच्या दम्यासाठी. आम्ही शहराच्या पूर्व भागात राहतो. गल्ली उत्तर-दक्षिण, रुंदी जेमतेम वीस फूट, दोन्ही बाजूंना चार-चार मजले. मी लग्न होऊन आले तेव्हा समोर पत्र्याची बैठी घरं होती. आमचं घर पश्चिमेच्या रांगेत, दुसरा मजला, म्हणजे गॅलरी पूर्वेला, रस्त्यावर. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इथं वारा पश्चिमेचा. हिशेब सरळ वाटला: वारा आपल्या पाठीमागून येतो, रिक्षा-टेम्पोचा धूर समोरच्यांकडं जाणार. म्हणून मामंजींची खाट गॅलरीच्या दाराशी.

मीटर उलटंच सांगायला लागलं. संध्याकाळच्या गर्दीत आमच्या गॅलरीत पीएम २.५, म्हणजे छातीत खोल जाणारी अगदी बारीक धूळ आणि धूर, सत्तरच्या आसपास, आणि समोरच्या वहिनींकडं, त्यांच्याही दुसऱ्याच मजल्यावर, पन्नासच्या आत-बाहेर. वाटलं, हाही पीस बिघडलेला. आठवडाभर दोन्ही घरांचे जिने चढले-उतरले. फरक कमी-जास्त व्हायचा, बाजू बदलायची नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्या डबीला काय विचारतीस? उदबत्ती लाव की."

लावली. वर गच्चीवर दोरीवरचे कपडे पूर्वेकडं फडफडत होते. खाली रस्त्याच्या कडेला उदबत्ती धरली तर धूर पश्चिमेकडं, म्हणजे वाऱ्याच्या उलट, आमच्या भिंतीकडं सरकत गेला आणि भिंतीला धरून वर चढला. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. भाचा सिव्हिल इंजिनीअरिंगला आहे, त्यानं बिलाच्या पाठीमागं चित्र काढून दाखवलं. अरुंद गल्लीवर आडवा वारा आला की बराचसा गच्च्यांवरूनच घसरत पुढं जातो. जो थोडा आत उतरतो तो समोरच्या भिंतीवरून खाली येतो, रस्त्यावर पोचून मागं फिरतो आणि वाटेतला धूर गोळा करत आमच्या भिंतीवर चढतो. समोरच्यांना वरची ताजी हवा, आम्हाला रस्ता झाडून आलेली! घरांची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण पाऊणपट झाली की हा प्रकार सुरू होतो म्हणे. आमच्याकडं उंची दुप्पट. बैठी घरं होती तेव्हा उन्हाळ्यातही गॅलरीत झोप का लागायची, ते मला तेव्हा कळलं. एखाद्या दिवशी वारा गल्लीच्या लांबीनं वाहिला की दोन्ही घरांचे आकडे बरोबरच खाली येतात.

खाट मागच्या खोलीत नेली, पश्चिमेच्या खिडकीशी. तिथं संध्याकाळी पस्तीस-चाळीस. पण त्या खिडकीशेजारी डक्ट आहे आणि सगळ्यांचे एक्झॉस्ट त्यातच. तळमजल्यावर मिरचीची फोडणी पडली की गरम धूर डक्टमधून वर येतो आणि ठसका आम्हाला लागतो. एकदा आकडा चारशेवर गेला होता. म्हणून सकाळी अकरा ते बारा ती खिडकी बंद. सगळंच लावून घेणं मात्र खरं नाही: पावसात चौघं एका खोलीत झोपलो तर पहाटे मीटरवर कार्बन डायऑक्साइड १८०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १८००) होता, बाहेर सव्वाचारशेच्या आसपास असतो.

आता मीटरच्या खोडी. दमट हवेत हे फुगवून सांगतं. आत लेझरच्या उजेडात कण मोजतात, आणि ओल शोषून फुगलेला कण त्याला मोठा दिसतो. श्रावणातल्या भुरभुरीत आकडा वाढला तर घाबरू नका. पीएम १० वर, म्हणजे त्याहून जाड धूळही धरणाऱ्या आकड्यावर, तर विश्वास ठेवूच नका. माहेरी भावाचे चार यंत्रमाग आहेत. तिथं मीटर ठेवलं, भावाच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले, आणि मीटर शांत! जाड कण त्याला नीट धरताच येत नाहीत.

रंगांचंही तसंच. पन्नासपर्यंत हिरवा दिवा. आपल्याकडची पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. हा हिरवा कुणाच्या हिशेबानं, ते माहितीपत्रकात कुठंच नाही. रंगाकडं बघूच नका. एका जागेचा आकडा दुसऱ्या जागेशी ताडा, तेवढ्याला हे चोख आहे. एका कोपऱ्यात ठेवून द्यायचं असेल तर पैसे वाया.

मामंजींचा पंप सुटलेला नाही, पण रात्री उठून बसणं कमी झालंय. ते खाट हलवल्यामुळं की पावसानं धूळ बसल्यामुळं, मी सांगू शकत नाही.

सध्या मीटर समोरच्या वहिनींकडं आहे. चार दिवस झाले, रोज संध्याकाळी गॅलरीतून ओरडून आकडा सांगतात, "आमच्याकडं बघा ओ, पंचेचाळीसच!" दिवाळीच्या सुमाराला वारा पूर्वेचा होतो, ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.